भोकरांच्या दिवसांतली निळी बुळबुळ

जव्हारच्या बाजारात मे महिना उन्हावरून ओळखायचा नाही, बोटांवरून ओळखायचा. पिकलेलं भोकर चिमटीत दाबलं आणि मग ती दोन बोटं एकमेकांना सोडायला तयार नसली, की समजावं, महिना लागला. मी एकदा भोकरं खाऊन लग्नाला गेलो आणि नवऱ्या मुलाच्या मामाशी हात मिळवला. तो हात सुटलाच नाही. आम्ही दोघांनी एकाच ताटात बिर्याणी खाल्ली, एकाच जीपमध्ये घरी आलो, आणि रात्री कोमट पाणी मिळालं तेव्हा कुठे ते गृहस्थ आपल्या गावी गेले. खुदा कसम.

माझा धंदा बाइंडिंगचा. वडिलांचाही तोच होता. मे संपत आला की जुनी पुस्तकं यायला लागायची. थोरल्या भावाची धाकट्याला, धाकट्याची शेजारणीला, तिथून मोखाड्याच्या मावसभावाला, असं फिरत फिरत एकेक पुस्तक माझ्या ओट्यावर येऊन पडायचं. कोपरे दुमडलेले, मधली पानं गायब, पुढाऱ्यांना मिशा काढलेल्या. एक इतिहासाचं पुस्तक मी इतक्या वेळा शिवलं की शेवटी त्यात दोऱ्याचं वजन जास्त आणि इतिहास कमी राहिला. घरभर खळीचा वास. मैदा पाण्यात शिजवून केलेली ती गरम खळ, तिच्यावर धरलेली साय, आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. मला आजही कोणी श्रीमंतीचा वास कसा असतो विचारलं तर मी तोच सांगेन.

आता डब्यातला पांढरा गोंद आलाय, पुस्तकंही शाळेतून नवी मिळतात. तरी मी मे महिन्यात एकदा खळ शिजवतोच. नाही शिजवली तर जून येणार नाही अशी मला भीती वाटते.

या वर्षी खळ चुलीवर असतानाच माझी मुलगी शब्बो भिवंडीहून आली. सोबत तिची लेक, आयेशा. आयेशाच्या हातात एक प्लास्टिकचा डबा आणि डब्यात हिरवंगार काहीतरी. ती ते ओढायची, ते लांबायचं. ती सोडायची, ते थबकन खाली पडायचं. त्याला स्लाइम म्हणतात म्हणे. मी नाक जवळ नेलं तर दवाखान्याची मोरी नुकतीच धुतल्यासारखा वास. शब्बो म्हणाली, "अब्बा, याने हिच्या तळहाताला खाज सुटते. फेकून दिलं की रडते. भोकरं आलीत का तुमच्याकडे? आपली ती बुळबुळ करून द्या ना हिला."

बुळबुळ. इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकला आणि मी खळीचा पळा हातात धरून तसाच खाली बसलो. आयेशाला वाटलं नानाला चक्कर आली. चक्कर नव्हती. खाली बसण्याला कारण होतं.

शब्बो तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलेलं. दर मे महिन्यात सूर्यमाळहून जान्या नावाचा माझा दोस्त टोपली भरून भोकरं घेऊन यायचा. माझे वडील भोकराच्या चिकाने पुस्तकांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायचे, तेव्हापासूनचा हा रिवाज. मला तेवढी भोकरं लागत नसत, पण जान्याला ते कोणी सांगायचं? तो डोंगर उतरून, जीपच्या टपावर बसून, टोपली मांडीत धरून यायचा. आम्ही चहा प्यायचो, मी थापा मारायचो, तो हसायचा आणि जायचा.

सूर्यमाळला मे महिन्यात पाण्याची काय कथा असते ते मी सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल, म्हणून थोडं कमी करून सांगतो. हंडा इतका कोरडा पडायचा की त्यात तोंड घालून हाक मारली तर आतून येणारा आवाजही आधी घोटभर पाणी मागायचा. त्या वर्षी जान्या आणि त्याची बायको ठाण्याकडे कामाला निघाले होते, पेरणीपर्यंत. या खेपेला टोपलीबरोबर त्याने आपली मुलगी आणली. सोमी. शब्बोच्याच वयाची, पण अंगाने तिच्या निम्मी.

"भाबी," जान्या माझ्या बायकोला, हमीदाला म्हणाला, "तिकडं कामावर पोरीला कुठं ठेवू? इथं पाणी तरी हाय. पेरणीला येतो न नेतो."

"राहू दे की. शब्बोला सोबत होईल."

जान्या उठला, ओट्याच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "एक मागच्या साली गेली. आता हीच हाय."

एवढंच. मग तो जीप पकडायला गेला.

बाहेरच्या वाचकाला हे वाक्य जेवढं जड वाटेल त्याहून आम्हाला जास्त जड वाटलं. वावर-वांगणीकडची मुलं कुपोषणाने गेली त्याला फार वर्षं झाली नव्हती. त्यानंतर आमच्या भागात मुलाच्या पोटाचा विषय कोणी थट्टेत काढत नसे. मूल ओकलं की आसपासची माणसं बोलायची थांबायची. मी मयताला गेलो तरी एखादी थाप मारून येणारा माणूस, पण त्या विषयावर मीही गप्प असायचो. जान्या गेल्यावर हमीदाने सोमीला जवळ घेतलं, तिच्या मनगटाभोवती आपली बोटं फिरवून बघितली, आणि भाकरीच्या पिठात आणखी एक मूठ टाकली.

आता माझ्या मडक्यांबद्दल सांगायला हवं.

ओट्यावर खळीची दोन मडकी असायची. एकात साधी खळ. दुसऱ्यात मोरचूद घातलेली. मोरचूद म्हणजे ते निळे खडे. ते खळीत घातले की पुस्तकाला वाळवी लागत नाही, उंदीर कातरत नाहीत. पण ते विष. पोटात गेलं तर मोठ्या माणसाचीही खैर नाही. खळीला त्याने निळसर झाक येते, पण ओट्यावरच्या उजेडात ती झाक ओळखायला सवयीचा डोळा लागतो. म्हणून विषाच्या मडक्यात मी खूण म्हणून कडुलिंबाची काडी खोचून ठेवायचो. पाला असलेली, हिरवीगार, लांबून दिसणारी. वडिलांचीही हीच खूण. फक्त वडिलांच्या काळी आमच्या घरात शेळी नव्हती.

आमच्याकडे होती. तिचं नाव बेगम. तिने काय खाल्लं नव्हतं ते विचारा. भूमितीची अर्धी पुस्तकं खाल्ली होती, त्यामुळे चालताना ती कोपऱ्यावर नेहमी बरोबर काटकोनात वळायची.

काडीवर माझा भरवसा होता, पण पोरींवर नव्हता. म्हणून सोमी आली त्याच दिवशी मी दोघींना मडक्यासमोर बसवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "खुदा कसम सांगतो. या मडक्यातली खळ एकदा एका उंदराच्या पिल्लाने चाटली. आधी त्याच्या मिशा निळ्या झाल्या. मग शेपूट. मग ते चपटं होत गेलं. इतकं चपटं झालं की मला काही सुचेना, मी त्याला भूगोलाच्या पुस्तकात शिवून टाकलं, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या मधोमध. अजून ते पुस्तक उघडलं की चूं ऐकू येतं."

शब्बोने डोळे फिरवले. ती माझ्या थापांवरच वाढलेली. सोमी मात्र पुढे सरकली.

"मंग त्याची आई?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. पण थापाड्याने अडखळायचं नसतं. म्हटलं, "आई त्याला शोधायला मडक्यात उतरली. अजून आतच बसलीय. कोणी बोट घातलं की बोट धरते आणि विचारते, माझा पोर कुठं हाय?"

आतून हमीदा ओरडली, "पुरे करा. रात्री घाबरेल पोर."

पुढचे दिवस त्या दोघींचे होते. मी पुस्तकं शिवायचो आणि मागच्या अंगणातून हसण्याचे आवाज यायचे. शब्बोला चिखलात खेळायचं असायचं, सोमी खेळासाठी पाणी घेऊ द्यायची नाही. शब्बोने घागर कलंडली की सोमी तिचा हात धरायची. "खेळाया पानी नको. भोकरात हाय तेवढा पुरं." अशी ती बुळबुळ जन्माला आली. भोकरं कुस्करायची, बिया काढून टाकायच्या, राहतो तो तार सुटणारा गर. त्यात जास्वंदीची पानं चुरून काढलेला लिबलिबीत रस. हमीदाच्या डब्यातला सब्जा ओंजळभर पाण्यात फुगवलेला. हाताला चिकटू नये म्हणून तांदळाची पिठी आणि खोबरेल तेलाचं बोट. मळायची, ओढायची, पुन्हा मळायची. एका टोकाला शब्बो आणि दुसऱ्या टोकाला सोमी उभी राहिली की ती बुळबुळ अशी ताणली जायची, अशी ताणली जायची, की एकदा त्यावर हमीदाने धुणं वाळत घातलं. निदान मी बाजारात तसं सांगितलं.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दुपारी माहीत नव्हतं.

त्या दुपारी मी शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा एका गिऱ्हाइकाकडे पोचवून परत आलो. ओट्यावर चढलो आणि पहिल्यांदा मडक्यांकडे नजर गेली. कडुलिंबाची काडी नव्हती. शेजारी बेगम उभी, तोंड हलवत, आणि तिच्या ओठातून कडुलिंबाचा एक देठ बाहेर आलेला. मला हसू आलं. मग मी वाकून बघितलं. एका मडक्यातल्या खळीत खड्डा पडला होता. कोणीतरी ओंजळभर खळ काढून नेली होती. आणि ते निळं मडकं होतं.

मी मागच्या अंगणात गेलो. गोकर्णाच्या वेलाखाली दोघी बसल्या होत्या. मध्ये फळीवर निळ्या रंगाचा चिकट गोळा. सोमीने त्याचा एक तुकडा तोडला, तोंडात टाकला, आणि माझ्याकडे बघून हसली. तिची जीभ निळी होती. शब्बोचीही.

"काय खाल्लंत?"

"बुळबुळ," शब्बो म्हणाली.

"कशाची केली?"

"नाही सांगणार. संध्याकाळी तुम्हाला जादू दाखवायची आहे."

"थुंका. विष आहे त्यात."

दोघी खो खो हसल्या. सोमी लोळायलाच लागली. "मंग आमी पन चपट्या होनार?"

"शब्बो, खुदा कसम सांगतो," मी म्हणालो, आणि ते शब्द तोंडातून निघतानाच मला कळलं की आता काही उपयोग नाही. माझी प्रत्येक थाप त्याच शब्दांनी सुरू व्हायची. लग्नातला मामा, भूमितीची शेळी, निळा उंदीर, सगळ्यांच्या आधी मी तीच कसम खाल्ली होती. मी आयुष्यभर खऱ्याचे सगळे शब्द खोट्यावर खर्चून बसलो होतो आणि नेमका जेव्हा एक खरा शब्द हवा होता तेव्हा माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं.

शब्बो म्हणाली, "अब्बा, मला गुजरातच्या बाजूला शिवा. तिला मध्य प्रदेशच्या."

डोळ्यांपुढे जान्या आला. ओट्याच्या पायरीवर पाठमोरा उभा.

"हमीदा," मी हाक मारली. "बाहेर ये."

ती सरबताला लिंबू पिळत होती, तशीच अर्धं लिंबू हातात घेऊन आली. "आता काय नवीन?"

"मोरचूद. पोरींनी खाल्लं."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लिंबू तिच्या हातातून पडलं. पुढे कितीतरी वर्षं ती हे लोकांना सांगायची. "इतक्या वर्षांत या माणसाचं एवढं लहान वाक्य मी ऐकलं नव्हतं. तेव्हाच कळलं, ही थाप नाही." तिने धावत येऊन सोमीला उचललं, तिच्या हातातला गोळा हिसकावला, फेकायला हात वर केला. मी शब्बोला उचललं. दवाखाना कोणत्या गल्लीने जवळ पडेल एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात सोमीने भोकाड पसरलं. दुखतंय म्हणून नाही. ती हमीदाच्या मुठीकडे बोट दाखवत होती.

"चाची, आमची निळी बिघाडली."

हमीदाने मूठ उघडली. निळ्या गोळ्यावर जिथे जिथे तिची लिंबाने ओली बोटं लागली होती, तिथे जांभळे डाग उमटले होते. आमच्या डोळ्यांदेखत ते गडद होत गेले, पार गुलाबी-जांभळे. तिच्या हाताचा पुरता ठसा, मेंदीसारखा.

शब्बो माझ्या खांद्यावरून रडक्या आवाजात म्हणाली, "हीच जादू होती ना. गोकर्णाच्या फुलांचा रंग घातलाय. लिंबू लावलं की जांभळा होतो. अम्मीने सगळं वाया घालवलं."

मी शब्बोला खाली ठेवलं. पडलेलं लिंबू उचललं, ओट्यावर गेलो आणि निळ्या मडक्यात सगळं पिळून टाकलं. वाकून बघत राहिलो. खळ निळसर होती ती निळसरच राहिली, हट्टी माणसासारखी. परत येऊन बुळबुळीवर लिंबाचं साल घासलं. जांभळी. पुन्हा मडक्याकडे. निळसर. मी किती फेऱ्या मारल्या ते मला आठवत नाही, पण बेगम मान इकडून तिकडे फिरवून दमली.

तरी माझी खात्री पटेना. "त्या मडक्यातली खळ कोणी काढली?"

"मी काढली," हमीदा म्हणाली. "खिडकीच्या फुटक्या काचेवर कागद लावला सकाळी. उंदीर कागद खातात म्हणून निळ्यातलीच घेतली. मला का काडी लागते ओळखायला?"

मग मी सोमीसमोर उकिडवा बसलो. "खरं सांग बेटा. तुम्ही त्या मडक्याला हात लावला? थोडासुद्धा? मी रागावणार नाही."

सोमीने नाक ओढलं. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अडाणीपणाचं विचारतोय.

"त्याच्यात त्याची आई बसलीय ना," ती म्हणाली. "तिचा पोर गेलाय. तिला कशाला तरास द्यायचा? शब्बो जात होती खळ आनाया. मीच नाय जाऊ दिली."

मी शब्बोकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

हमीदा अंगणातच खाली बसली. सोमी तिच्या मांडीवर, तो जांभळा झालेला गोळा सोमीच्या मांडीवर. मी त्यातला एक मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला. गोडसर, चिकट, मध्येच सब्जाचा दाणा, शेवटी लिंबाची आंबट चव. वर खोबरेल तेलाचा वास. याहून वाईट पदार्थ मी लग्नांत वाहवा करून खाल्ले आहेत.

संध्याकाळी आम्ही दोघं पोरींवर नजर ठेवून बसलो. काही सांगता येत नाही, म्हणून. दिवेलागणीला सोमी उठली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चाची, भाकर कवा होल?" आमच्या भागात मूल भूक लागली म्हणून सांगतं, त्याहून चांगली बातमी नसते. हमीदाने तवा ठेवला. मला भाकरी थापण्याचा तो आवाज आजही ऐकू येतो. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही, आणि ही थाप नाही.

दुसऱ्या दिवशी निळं मडकं वर आढ्याला टांगलं गेलं, शेळीच्या आणि पोरांच्या हातातोंडापासून दूर. पेरणीच्या आधी जान्या आला. सोमीला उचलून त्याने वजनाचा अंदाज घेतला आणि तिच्या पायांकडे बघत नुसता म्हणाला, "जाडी झाली." ती त्याच्या खांद्यावरून आम्हाला हात हलवत गेली. तिच्या दुसऱ्या हातात पानात बांधलेली बुळबुळ होती. पुढच्या वर्षी जान्याने येऊन सांगितलं की सूर्यमाळच्या पाड्यांवर आता सगळ्या पोरांना माहीत आहे, जव्हारला एका बाइंडरच्या मडक्यात उंदराची आई बसलीय. तिकडे पोचेपर्यंत तिचा आकार वाघिणीएवढा झाला होता. मी काही दुरुस्ती केली नाही. हमीदानेही त्यानंतर माझ्या कुठल्याच थापेला "पुरे करा" म्हटलं नाही. फार झालं की ती उठून आत जायची, एवढंच.

हे सगळं या मे महिन्यात आयेशाला सांगायचं होतं, पण तिला ऐकायला वेळ कुठे. तिला बुळबुळ हवी होती. भोकरं सोमीनेच पाठवली होती. बापाची ती टोपली आता दर मे महिन्यात तीच जीपमध्ये चढवून देते. शब्बोने गर काढला, मी जास्वंद चुरली, आणि आयेशा कोपरापर्यंत त्यात बुडाली. गोकर्णाची फुलं पडली तसा गोळा निळा झाला. लिंबू लावल्यावर ती जी ओरडली, ते मोखाड्याला ऐकू गेलं. हिरवा डबा कुठल्या कुठे पडला, कोणाच्या लक्षातही नाही.

मग मी तिला आढ्याला टांगलेलं मडकं दाखवलं. आवाज खाली आणला. उंदराचं पिल्लू, निळ्या मिशा, भूगोलाचं पुस्तक, आत बसलेली आई.

आयेशाने माझं पूर्ण ऐकून घेतलं. ती फोनवर सगळं बघते, शिकलेली आहे. "नाना," ती म्हणाली, "उंदीर निळा होत नाही. आणि चपटा झाला तर तो मरेल ना, चूं कसं करेल?"

मी मान डोलावली. म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं.

दुपारी मी ओट्यावर शिवायला बसलो होतो. आयेशाला कात्री हवी होती. कात्री मडक्याच्या बरोबर खाली, खिळ्याला अडकवलेली. ती आली, थांबली, वर बघितलं. मग डावा हात पाठीमागे नेऊन मूठ घट्ट मिटली, उजव्या हाताने हळूच कात्री काढली, आणि मडक्याकडे पाठ न करता उलट्या पावलांनी बाहेर गेली.

मी काहीच पाहिलं नाही असं दाखवलं. सुईत दोरा ओवला आणि पुढचं पुस्तक घेतलं.